चांद्याने खाल्लेलं आवतन

चोरी तुम्ही केली आणि खुलासा आम्हाला मागता, साहेब?

तुमचं पत्र मिळालं. 'शासकीय पुस्तिकेवर अनधिकृत छायाचित्र चिकटवल्याबाबत.' हो, चिकटवलं. कणकेच्या खळीने चिकटवलं, वरून वरवंटा ठेवून चिकटवलं. निघणार नाही. निघालंच तर पुन्हा चिकटवू. का चिकटवलं ते आता ऐका, आणि तुमच्या हापिसात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण गोष्ट हसण्याची आहे. तुम्हाला हसू येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकीच्यांना येईल.

मी शकुन. अंजनगाव सुर्जीच्या आमच्या बचत गटात बायका पुष्कळ, पण सणांची शुभेच्छा-कार्डं करणाऱ्या तिघीच. मी, रईसा आणि सुभद्रा. रईसाचा नवरा ताहेरभाई गाद्या भरतो. त्यांच्या घरात रुई इतकी उडते की तिच्याकडे चहा प्यायला जायचं तर कपावर बशी झाकून बसावं लागतं. सुभद्राचं घर गावाच्या टोकाला. तिथे तिचे सासरे नत्थुजी, एक गोठा, आणि गोठ्यात चांद्या. कपाळावर पांढरा चांद आहे म्हणून चांद्या. त्याचा जोडीदार विकला गेला, तेव्हापासून तो शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपला जातो आणि त्या बैलाचा मनापासून राग करतो.

कार्डं आम्ही घरात जे पडलेलं असतं त्याचीच करतो. ताहेरभाईच्या दुकानातला पुठ्ठा. त्यावर रुईचा बैल. माझी बहीण मोर्शीला दिली आहे, ती संत्र्याची सालं वाळवून पाठवते, ती कातरून शिंगं. डोळा सरकीचा. झुलीला टिकल्या. चिकटवायला कणकेची खळ, आणि खळीत थोडा गूळ, कारण सुभद्रा म्हणते गुळाने चिकटपणा येतो. ईदच्या कार्डावर सालाचा चांद असतो, दिवाळीच्या कार्डावर सालाची पणती आणि रुईची वात. पण आमचं खरं कार्ड पोळ्याचं.

तुम्ही कुठले ते मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचे खांदे लोणी-हळदीने चोळतात आणि त्याला सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' सुभद्रा एकदा म्हणाली, "माणसाले लग्नाची छापील पत्रिका देतो आपन, अन् वर्षभर राबते त्याले तोंडी आवतन काहून व?" त्यातून निघालं आवतनाचं कार्ड. बैलाला द्यायचं. अंजनगावच्या बाजारात लोक आधी हसले आणि मग घेऊन गेले.

मग अमरावतीहून तुमच्या हापिसाची सूचना आली. मुंबईच्या दिवाळी प्रदर्शनासाठी पुस्तिका छापणार, वस्तूंचे सुस्पष्ट फोटो पाठवा, सोबत कारागिराचा एक फोटो. कार्डं सुभद्राच्या डोक्यातली, म्हणून फोटो तिचाच जायचा हे आम्ही तिथल्या तिथे ठरवलं.

सुभद्राने हातातली कातर खाली ठेवली.

तिचा फोटो तुमच्याकडे आधीच होता, साहेब. तिचा नवरा सहदेव ज्या वर्षी कर्जापायी गेला, त्या वर्षी गावोगावच्या अंगणांत गाड्या येत होत्या. तिच्याही अंगणात आल्या. तुमची माणसं उतरली, कॅमेरे उतरले. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. तो फोटो पेपरात आला. मग योजनेच्या पत्रकावर आला. मग अमरावतीच्या रस्त्यावर एसटीएवढा मोठा लागला. आजही आठवडी बाजारात ती वांगी निवडते तेव्हा वांगीवाली थबकते, "तुमीच का व त्या फोटोतल्या?" असं विचारते आणि एक वांगं जास्तीचं टाकते. सुभद्रा ते वांगं उचलून परत टोपलीत ठेवते. दर बाजाराला.

त्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, "कार्डं पुस्तकात येवो, नाई येवो. मले माहा एक फोटो पाहिजे, ज्याच्यात मी रडून नाई राहिली."

एवढंच होतं. एवढ्याचसाठी पुढचा सगळा तमाशा.

आधी आम्ही गेलो भगवंत फोटोवाल्याकडे. लग्न, बारसं, पासपोर्ट यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. कार्डाचा फोटो त्याने जन्मात काढला नव्हता, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने आमचं कार्ड पडद्यापुढे स्टुलावर बसवलं. पडद्यावर बर्फाचे डोंगर. शेजारी प्लास्टिकचे गुलाब. मग कार्डाच्या तोंडावर असा फ्लॅश मारला की झुलीच्या टिकल्या पेटल्या. फोटो हातात आला तर नुसता उजेड, जणू परतवाड्याच्या रोडवर समोरून ट्रक अंगावर येतो आहे.

"बैल कुठी हाये?" रईसाने विचारलं.

"हा काय," भगवंत म्हणाला, "बर्फात."

"अन् हे पांढरं?"

"तोही बैलच हाये, भाभी. जरा जास्त झाला."

कॉम्प्युटरवर दुरुस्त करतो म्हणाला. दुरुस्त करून दिला, तर डोंगर जाऊन धबधबा आला होता आणि बैल पाण्यात उभा होता. तोच आम्ही पाठवला. तुमचं उत्तर आलं, 'फोटो सुस्पष्ट नाहीत.' तेवढ्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. मी खोटं बोलत नाही.

मग रईसाने अकोल्याला भावाला फोन केला. मोईजने कॅमेऱ्याचा मोबाइल पाठवला आणि फोनवर धडा दिला, "आपा, फ्लॅश बंद. पीछे सफेद कपडा. दिन की रोशनी. और हात मत हिलाना."

पांढरं कापड म्हटल्यावर आमच्या तिघींच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. नत्थुजींचं पोळ्याचं धोतर. त्याच्याइतकं पांढरं अख्ख्या अंजनगावात काही नाही, त्याच्याकडे पाहिलं की डोळे मिटतात. ते दोरीवरून उतरवलं, अंगणात पसरलं, वर कार्डं मांडली, पटापट फोटो काढले आणि मोबाइलभोवती तीन डोकी जमवली.

सगळं निळं. धोतर निळं, रुई निळी, बैल निळा. संत्र्याच्या शिंगांचा रंग असा झाला की सांगवत नाही.

"या अल्ला," रईसा म्हणाली, "इसको तो थंडी बज गई."

मोबाइल बिघडला म्हणून ती पुसायला लागली. मी सुभद्राकडे पाहिलं, सुभद्राने धोतराकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नीळ! धोतर पांढरं दिसावं म्हणून ती निळीचं अख्खं बुच पाण्यात ओतते. आपल्याकडच्या सगळ्याच बायका ओततात. आपल्या डोळ्याला ते पांढरं दिसतं. मोबाइलला बिचाऱ्याला आपली रीत काय ठाऊक? त्याला जे दिसलं ते त्याने दाखवलं.

तेवढ्यात नत्थुजी आले. "माहं धोतर जमिनीवर काहून व?"

"फोटो काढून राहिलो, आबाजी."

"धोतराचा?"

"धोतर ब्येस हाये, आबाजी, जास्तच ब्येस हाये," मी म्हटलं. "मोबाइलच येडा हाये."

"मंग मोबाइल धुवा," म्हणाले आणि धोतर झटकून घेऊन गेले.

निळीशिवाय पांढरं काय असतं? या प्रश्नावर आम्ही तिघी चांगल्या विचारात पडलो आणि रईसाच्या केसांत अडकलेली रुई मला दिसली. मी ती ओढली. तिने "अगे!" म्हणून चापट मारली, आणि मग आमच्या दोघींचे डोळे एकदम मोठे झाले. ताहेरभाईकडून पिंजलेल्या रुईची गाठोडी आली. बाजेवर रुई अंथरली, गादीसारखी, वर कार्ड. पांढऱ्यावर पांढरं, आणि निळीचं नाव नाही.

पण ऊन! श्रावणातलं ऊन, ढग बाजूला झाला की थप्पड मारल्यासारखं येतं. कार्डाची सावली डांबरासारखी काळी, टिकल्या पुन्हा पेटल्या. रईसा कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत म्हणाली, "धूप को छानना पडेगा. चाय छानतो तशी."

गाळणं म्हणून तिने मच्छरदाणी आणली. चार बांबू, बाजेवर मच्छरदाणी, आत आम्ही तिघी आणि कार्डं. साहेब, तुम्ही कधी भर दुपारी पांढऱ्या मच्छरदाणीत बसला आहात? आत उजेड दुधासारखा होतो. सावली असते, पण मऊ. एका बाजूने मी पितळी परात उभी धरली, तर बैल पिवळा पडला. मग स्टीलची धरली, तर त्याच्या पोटाखालचा अंधार गेला. कार्ड लोट्याला टेकवून जरा मागे कलवलं की टिकल्या चमकायच्या थांबल्या. रुईचा एकेक तंतू दिसायला लागला. शिंगं अशी उजळली की सालाचा वास यावा.

फक्त एक भानगड होती. श्वास सोडला की रुई हलायची आणि बैल धूसर व्हायचा. म्हणून रईसा "एक, दो" म्हणायची आणि आम्ही तिघी श्वास रोखायचो. आता मच्छरदाणीत तीन बाया गाल फुगवून एकमेकींकडे बघत बसल्या तर काय होणार? आधी माझ्या नाकातून आवाज आला. मग सुभद्रा बाजेवर आडवी झाली. बाज कचकचली, एक बांबू पडला, मच्छरदाणी डोक्यावर आली आणि आत आम्ही तिघी मासळीसारख्या तडफडत हसत होतो.

दाराशी नत्थुजी उभे. "काय व, भर दुपारी मच्छर चावून राहिले का तुमाले?"

"फोटो काढून राहिलो, आबाजी!"

"मच्छरायचे?"

कार्डांचे फोटो झाले. एकाहून एक. उरला सुभद्राचा.

रईसाने मोबाइल तिच्याकडे वळवला. त्याच क्षणाला, इतका वेळ खिदळणाऱ्या त्या बाईचा हात उठला आणि पदर तोंडाशी गेला.

"हात काढ व," मी म्हटलं.

"काढला."

मोबाइल वर आला. हात पुन्हा तिथेच. मी तिचा उजवा हात धरून ठेवला, तर डावा गेला. दोन्ही हातांत पोळपाट-लाटणं दिलं, तर तिने ते हळूच बाजेवर ठेवलं आणि पदर धरला. रईसाने तिला ताहेरभाईच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली, जी पाहून आमच्या गल्लीतली म्हातारी चतुराबाईही लोळते. सुभद्रा हसली. पदराच्या आड हसली.

"मी नाई नेत व," ती शेवटी म्हणाली. "हातच जाते."

आम्ही मच्छरदाणी उतरवली.

मग आला पोळ्याचा आदला दिवस. चांद्याचे खांदे लोणी-हळदीने चोळून झाले होते. नत्थुजी म्हणाले, "एवढे दिवस कागदाचं आवतन, कागदाचं आवतन करून राहिल्या. ज्याचं हाये त्याले दाखवलं का कोनी?"

खरंच की. मुंबईला दाखवायची तयारी झाली होती, अमरावतीला पाठवायची झाली होती. चांद्याला कोणी विचारलंच नव्हतं.

सुभद्राने सगळ्यात सुंदर कार्ड घेतलं. चांद्यापुढे उभी राहिली, त्याच्या नाकासमोर कार्ड धरलं आणि अदबीने वाचलं, "आज आवतन घ्या. उद्या जेवायले या."

चांद्याने मान खाली केली. कान पुढे केले. आम्हाला वाटलं, ऐकतो आहे. रईसाने फोटोसाठी मोबाइल वर केला, त्यात कार्ड यावं म्हणून. चांद्याने कार्डाचा वास घेतला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग जीभ काढली आणि कार्डावरचा बैल तोंडात घेतला.

आता सांगा, आमच्यापेक्षा शहाण्या बायका कुठे सापडतील? सरकी बैलाचा खुराक. कणीक त्याच्या आवडीची. वर गूळ. वर संत्र्याची सालं. आम्ही इतके दिवस कार्ड करत नव्हतोच, आम्ही त्याचं आंबोण करत होतो, तेही टिकल्या लावून.

"अव माय! सोड! सोड रे मेल्या!" सुभद्राने कार्डाची उरलेली बाजू दोन्ही हातांनी पकडली. चांद्याने ओढलं. तिने ओढलं. चांद्याने डोळे मिटून चावायला सुरुवात केली.

"टिकल्या थुक! टिकल्या थुक!" मी ओरडत होते.

"आवतन घ्या म्हनलं तर घेतलं त्यानं!" नत्थुजी काठीवर वाकून हसत होते. "सरकी दाखोता अन् म्हनता खाऊ नोको! उद्या कायले थांबते तो?"

सुभद्रा हसायला लागली. आधी आवाज नाही, नुसते खांदे. मग असा आवाज आला की शेजारच्या गोठ्यातल्या बैलाने मान वळवली. डोक्यावरचा पदर खांद्यावर, खांद्यावरचा चिखलात, डोळ्यांतून पाणी, सगळे दात उघडे. आणि पदर धरायला तिच्याकडे हातच नव्हता. दोन्ही हात आवतनात गुंतलेले.

रईसाने बोट दाबलं.

तो फोटो, साहेब. त्यात डावीकडे चांद्याचं तोंड, मध्ये अर्धं कार्ड, उजवीकडे सुभद्रा. मोईजने सांगितलेलं सगळं आपोआप जमून आलं होतं. ढगाळलेलं आभाळ, फ्लॅश बंद, आणि मागे दोरीवर वाळत घातलेलं नत्थुजींचं धोतर, थोडं निळं. सुभद्राने मोबाइल हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिलं आणि विचारलं, "माहे दात इतके मोठे हायेत का व?"

"मोठे हायेत," रईसा म्हणाली. "अल्ला ने दिल खोल के दिए."

"अस्सं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाहत बसली.

पोळा झाला आणि आम्ही तिघी अमरावतीला तुमच्या टेबलाशी आलो. तुम्ही विसरला असाल. मी नाही. कार्डांचे फोटो पाहून तुम्ही मान डोलावली, "वा, कोणत्या स्टुडिओत काढले?" रईसा म्हणाली, "मच्छरदाणीत." मग तुम्ही हा फोटो उचलला आणि तुमचा चेहरा लांब झाला.

"हे काय आहे?"

"सुभद्रा," मी म्हटलं.

"आणि हा?"

"चांद्या."

"त्याच्या तोंडात काय आहे?"

"आवतन."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "ताई, असं आहे, हा फोटो चालणार नाही. मुंबईचा माणूस पुस्तिका उघडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की तुम्ही कोण आहात."

"मी कोन आहो?" सुभद्राने विचारलं. साधं विचारलं.

शिपायाला कॅमेरा आणायला सांगितलात, तिला खिडकीशी उभं केलंत आणि म्हणालात, "जरा गंभीर. आणि तो पदर, मागच्या वेळी होता ना, तसा."

तिने प्रयत्न केला. तुमचा मान म्हणून केला. हात पदरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बोटं हलली, ओठ हलले, आणि तिच्या नाकातून मच्छरदाणीतला तो आवाज आला. रईसाने भिंतीकडे तोंड केलं. मी जीभ चावली.

"काय झालं?" तुम्ही ओरडलात.

"साहेब," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली, "आता बैल आनाच लागते."

शिपाई हसला. पलीकडच्या टेबलावरच्या बाई हसल्या. तुम्ही नाही हसलात. "ठीक आहे, बघतो," म्हणालात, आणि चांद्याचा फोटो ड्रॉवरमध्ये टाकलात. आम्ही परतीच्या एसटीत अंजनगाव येईपर्यंत हसत होतो. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दिवाळीच्या तोंडावर पुस्तिका आली. कार्डाचं पान उघडलं. काय छापलं होतं! रुईचा तंतू न तंतू. ताहेरभाई म्हणाला, इतकी चांगली माझी रुई मी कधी पाहिली नाही. आणि खाली, चौकटीत, सुभद्रा. तोंडात पदराचा बोळा. सहदेवच्या वर्षीची. वर अक्षरं, 'दुःखातून उभारी'.

तिने पुस्तिका बाजेवर उलटी ठेवली. उठून चांद्याला पाणी दाखवलं. गोठ्यात जरा जास्तच वेळ लावला. परत आली तेव्हा हात पदराला पुसत होती, आणि तिने मला एवढंच विचारलं, "खळ उरली हाये का व?"

उरली नव्हती. नवीन शिजवली, घमेलाभर. भगवंताने मोबाइलवरून चांद्यासकट सुभद्राचे छोटे छोटे फोटो छापून दिले. "मांगं बर्फ टाकू का?" त्याने विचारलं. रईसा म्हणाली, "टाकून पाह्य, तुलेच चांद्यापुढे उभा करते." गटाच्या प्रतींवर आम्ही चिकटवले, पंचायत समितीच्या गठ्ठ्यावर चिकटवले, वाचनालयात तर ग्रंथपाल मैनाबाईने पानं धरून दिली. अकोल्याला गेलेल्या प्रतींकडे मोईजने पाहिलं. दोन शेळ्या मागे लागल्या खळीच्या वासाने, त्यांना हाकलत चिकटवले. एक प्रत चांद्यापुढेही धरली. कार्ड खाणाऱ्या त्या बैलाने तुमच्या पुस्तिकेचा वास घेतला आणि मान फिरवली.

मागच्या बाजारात वांगीवालीने सुभद्राला पाहिलं, वाचनालयातलं पान आठवलं असावं, आणि विचारलं, "तुमीच का व त्या, बैलवाल्या?" सुभद्रा हो म्हणाली. या वेळी जास्तीचं वांगं मिळालं नाही. उलट घासाघीस झाली. सुभद्रा घरापर्यंत गाणं म्हणत आली.

हा आमचा खुलासा. आता तुमचा द्या.

हसरा फोटो आम्ही तुमच्या हातात दिला होता. तो ड्रॉवरमध्ये गेला आणि जुना बाहेर आला, तो कोणाला विचारून? तिचं तोंड, तिचा पदर, तिच्या घरचं मरण. परवानगी कोणाची घेतली? सोबत एक कार्ड पाठवत आहोत. डावी बाजू चांद्याने खाल्ली आहे, उजवी कोरी आहे. मोठं पत्र लिहू नका, जावक क्रमांक टाकू नका, एका ओळीत लिहा. मावेल.

सुभद्रा हसली तर तुमचं काय जाते, साहेब? उत्तर द्या.